याद्या जुळतात, क्रम जुळत नाही

हिंगोली जिल्ह्याचे पाच तालुके देवनागरीत नावाप्रमाणे लावले तर औंढा नागनाथ पहिला येतो आणि हिंगोली शेवटचा. तीच नावं सरकारी रोमन स्पेलिंगने लावली की वसमत 'बासमथ' होऊन दुसऱ्या जागी जातो आणि हिंगोली मधोमध येतो. तालुके तेच आहेत, हे माणसाला सांगावं लागत नाही. युनिक्सच्या कमांड लाइनवर दोन फायली ताडणाऱ्या 'कॉम'ला मात्र ते कळायला वाव नाही, कारण त्याची सगळी मदार क्रमावर असते.

कॉम प्रत्येक फायलीतली एकेकच ओळ हातात धरतो. दोन्ही सारख्या निघाल्या तर सामाईक. नाही तर क्रमाने आधीची ओळ 'फक्त याच फायलीत' म्हणून बाजूला काढतो आणि मागे वळून बघत नाही. अवाढव्य फायली तो थोडक्या मेमरीत हातावेगळ्या करतो, ते यामुळेच. आता सातबाऱ्यावरचे गट क्रमांक घ्या. एका फायलीत ते किमतीने लावलेत: ९, १०, ११. दुसरीत अक्षरक्रमाने: १०, ११, ९. अक्षरक्रमात १ हा ९च्या आधी, म्हणून १० आणि ११ दुसऱ्याच फायलीत आहेत असं कॉम ठरवतो, मग ९ जुळवतो, आणि उरलेले १० व ११ पहिल्या फायलीच्या खात्यावर टाकतो. तिन्ही गट दोन्हीकडे असताना चार ओळींचा खोटा फरक! ग्नू आवृत्तीतला कॉम तक्रार करतो खरा, पण ती एररच्या वाटेने जाते. निकालाच्या फायलीत उतरत नाही.

मग फरक दाखवणारी डिफ ही कमांड वापरा, त्याला फायली आधी सॉर्ट करून, म्हणजे क्रमाने लावून, लागत नाहीत, असं कुणी म्हणेल. मॅकिलरॉय आणि हंट यांनी १९७६ मध्ये ज्याची पद्धत मांडली तो डिफ क्रमालाच मजकूर मानतो. ठरावाच्या मसुद्याला ते योग्यच. गावांच्या यादीत मात्र खालचं नाव वर सरकलं, की ते एकदा वगळलेलं आणि एकदा नव्याने आलेलं दिसतं. ऑक ही मजकूर हाताळणारी भाषा वापरणाऱ्यांचा आक्षेप जास्त वजनदार आहे: एक यादी मेमरीत भरा, दुसरी तिच्यात शोधा, क्रमाची कटकटच नको. एका जिल्ह्यापुरतं मला ते मान्य आहे. पण एखादी ओळ एकीकडे दोनदा आणि दुसरीकडे एकदाच असेल, तर नुसतं 'आहे की नाही' विचारणाऱ्याच्या हातून ती निसटते. कॉमच्या नाही.

आता क्रम नेमका कोणता? युनिकोडमध्ये ळ हा ल आणि व यांच्यामध्ये बसतो, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. त्यामुळे बाइटक्रमाने कळमनुरी आधी आणि कवठा नंतर, वर्णमालेने उलट. दोन्ही याद्या आपापल्या जागी बिनचूक, एकमेकींशी ताडायला निरुपयोगी. म्हणून क्रम ठरवणारं लोकॅलचं सेटिंग एलसी_ऑल 'सी'वर, म्हणजे बाइटक्रमावर, ठेवून दोन्ही फायली तिथल्या तिथे पुन्हा सॉर्ट कराव्यात आणि कॉमही त्याच लोकॅलमध्ये चालवावा. यात मराठीची उपेक्षा होते, हा आक्षेप मला पटत नाही. छापायची यादी शेवटी वर्णमालेने लावायला कुणाची हरकत आहे?

सॉर्टच्या आवाक्याबाहेरचं एक दुखणं मात्र उरतं. डिग्रस कऱ्हाळे या नावातला ऱ कुणी एका अक्षराने टाइप करतो, कुणी र खाली नुक्ता देऊन, तर कुणी र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर सहसा फरक दिसत नाही, बाइट मात्र वेगळे. युनिकोडच्या प्रमाणीकरणाने पहिले दोन एक होतात. तिसऱ्यासाठी सॉर्टच्या आधी मजकूर बदलणाऱ्या सेड या कमांडची एक ओळ स्वतः लिहावी लागते.