उलटतपासणी

ज्या घरात चार वर्षांचे मूल आहे, त्या घरात कोणी सैल बोलू नये. तोंडातून निघालेला शब्द तेथे पुरावा म्हणून जमा होतो आणि त्यावर उलटतपासणी चालते. शिवाय या वकिलाला कोर्टाच्या सुट्ट्या नसतात.

2018 साली आमच्या कन्यारत्नाने चौथे वर्ष गाठले होते. आम्ही पुण्यात राहतो आणि माझे आईवडील दौंड तालुक्यातल्या कासुर्डीला. पुणे-सोलापूर रस्त्याने उरुळी कांचन मागे टाकले की यवतच्या अलीकडे हे गाव लागते. शनिवारी दुपारी निघायचे आणि रविवारी रात्री परतायचे, असा आमचा परिपाठ. वाटेत कासुर्डीच्याच नावाचा टोलनाका होता. एकदा तेथे गाडी थांबली आणि मागच्या आसनावरून प्रश्न आला.

"बाबा, पैसे कशाचे दिले?"

"रस्त्याचे."

"मागच्या शनिवारी पण दिले होते ना? मग तो रस्ता संपला?"

रस्ता संपत नाही, हे मी तिला दोन मैल समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "मग काका विसरले असतील." पुढे 2019 साली तो टोल बंद झाला, तेव्हा "बरं झालं, आठवलं त्यांना!" हा शेरा आमच्या घरात तिनेच मारला.

व्याकरणातही तिचा कारभार असाच सरळ होता. "मी जेवण करलं", "आबा शेतावर जाले", असे ती बोले. हिने तिला सुधारले, "जाले नाही बाळ, गेले म्हणावं." त्यावर चटकन उत्तर आले, "मग आई, 'जायचं' कशाला म्हणतेस? 'गेयचं' म्हण." आता सांगा, चूक कोणाची? 'करणे'चे 'करले' आणि 'जाणे'चे 'जाले' हा नियम बिनचूक आहे. नियम मोडणारी 'केले' आणि 'गेले' ही आपली, मोठ्या माणसांची वहिवाट!

पोरांच्या अशा बोलांवर मोठमोठ्यांनी आयुष्ये वेचली आहेत. कर्नेई चुकोव्स्की या रशियन लेखकाने ते वर्षानुवर्षे गोळा करून 'दोन ते पाच' नावाचे पुस्तकच केले. जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने मुलांच्या मनातल्या जगावर 1926 साली ग्रंथ लिहिला. आपण चालू लागलो की चंद्रसूर्यही आपल्याबरोबर चालतात, असे लहान मुलांना वाटते, हे त्याने नोंदवून ठेवले आहे. आमच्या कन्येचा चंद्रही रविवारी रात्री कासुर्डीहून निघून आमच्याबरोबर पुण्याला येई. "तो टोल देत नाही," ही तिची त्याच्याविरुद्ध एकमेव तक्रार होती.

कासुर्डीत तिच्या वकिलीला बहर येई. माझी आई दुपारी उठून म्हणाली, "जरा डोळा लागला होता." लगेच ही हळदीचा डबा घेऊन हजर. "कुठे लागला? दाखव!"

एकदा आबा तिला गुऱ्हाळ दाखवायला घेऊन गेले. या भागात गुऱ्हाळे पुष्कळ. चुलवाण धडधडत होते, काहिलीत रस उकळत होता. रसातली मळी वर यावी म्हणून गुळव्याने भेंडीचा चिकट रस आत ओतला. आबांनी तसे सांगताच तिचा चेहरा उतरला. भेंडीच्या भाजीशी तिचे जन्माचे वैर. ती हळूच म्हणाली, "उसाला पण भेंडी खावीच लागते का?"

या सगळ्याला आम्ही पोट धरून हसत असू. पण एका संध्याकाळचे हसणे वेगळे झाले.

ओसरीवर चारपाच मंडळी बसली होती. गुऱ्हाळवाले शेजारी कपाळाला हात लावून सांगत होते, "काय करावं आबा, औंदा गुळाचा भाव पार पडलाय." एक टन ऊस गाळावा तेव्हा शंभर-सव्वाशे किलो गूळ हाती येतो. ऊसतोड, जळण, मजुरी सगळे त्यातूनच भागवायचे. सगळे गप्प होते. तेवढ्यात खांबाआडून आवाज आला, "पडला तर उचला ना!"

ओसरी हसण्याने दणाणली. एकाने तर तिला पुन्हा तेच म्हणायला लावले आणि मंडळी पुन्हा हसली. पोर कावरीबावरी झाली. आपण मदत करायला गेलो आणि हे हसतात का, हे तिला उमजेना. ती आत जाऊन धान्याच्या कणगीमागे बसली. रात्री जेवतानाही एक प्रश्न नाही. आमच्या घरात तेवढी शांतता त्याआधी कधी झाली नव्हती, आणि ती कोणालाच रुचली नाही.

हसले नव्हते ते फक्त आबा. जेवणानंतर त्यांनी तिला मांडीवर घेतले आणि म्हणाले, "तू बोललीस ते खरं हाय बाय. भाव उचलायलाच पायजे. पर तो आपल्या हाती नसतो, व्यापाऱ्याच्या हाती असतो."

तिने बराच वेळ विचार केला. "मग त्याला सांगा."

"सांगतो."

पुढच्या शनिवारी गाडीतून उतरताच तिने विचारले, "आबा, सांगितलं का?"

"सांगितलं की. म्हणतो, लई जड हाय."

आबांनी व्यापाऱ्याला ते खरोखरच सांगितले होते. नातीला दिलेला शब्द त्यांनी बाजारात जाऊन पाळला. भाव काही उचलला गेला नाही, पण त्या दिवसापासून तिचे प्रश्न पुन्हा सुरू झाले, आणि त्यांतला पहिला होता, "किती माणसं लागतील उचलायला?"

मुलांच्या बोलण्यावर हसू नये, असे मी म्हणत नाही. हसू आवरणार तरी कसे? पण आधी उत्तर द्यावे आणि मग हसावे, एवढा क्रम पाळायला हरकत नाही. कारण हे दिवस फार थोडे असतात. आता ती मोठ्या शाळेत जाते, 'केले' आणि 'गेले' बिनचूक म्हणते. परवा तिची मराठीची वही चाळत होतो. वाक्प्रचारांच्या पानावर सुरेख अक्षरात लिहिले होते : 'डोळा लागणे – झोप लागणे.' शेजारी बाईंची बरोबरची खूण होती.

हळदीचा डबा हल्ली जागचा हलत नाही.