आज पत्र नाही

आईची १९८१ सालची रोजनिशी आम्ही गेल्या वर्षी संगणकावर उतरवून घेतली. त्या साली वडील मस्कतला नोकरीला होते आणि आई आम्हां तीन भावंडांना घेऊन गावी राहत होती. आता भावंडे तीन शहरांत आहेत. मजकूर तिघांना वाचता यावा, चौथ्याला नाही, एवढीच अपेक्षा होती. संगणकाच्या क्षेत्रातल्या भाच्याने पायथॉन भाषेत दहाबारा ओळी लिहून दिल्या. त्यांत 'पायक्रिप्टोडोम' ही लायब्ररी होती आणि एईएस हे कूट. योआन डामेन आणि व्हिन्सेंट रायमेन या बेल्जियन जोडीने रचलेले, अमेरिकेने २००१ साली प्रमाण म्हणून स्वीकारलेले.

हे कूट मजकुराचे सोळा-सोळा बाइटांचे तुकडे करते आणि किल्लीच्या साहाय्याने एकेक तुकडा ओळखू येणार नाही असा करून टाकते. देवनागरीतले अक्षर, काना, वेलांटी, हलन्त, प्रत्येकाला युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ लेखनात तीन बाइट लागतात, मोकळ्या जागेला एक. सोळाला तीनने भाग जात नाही. त्यामुळे अक्षर मध्येच चिरले जाते. व्याकरणाशी या यंत्राला काही देणेघेणे नाही. असो.

भाच्याने दिलेला निकाल आम्ही छापून घेतला. डावीकडे तारीख, उजवीकडे आकडे आणि रोमन अक्षरांची अर्थशून्य रांग. चाळता चाळता लक्षात आले की एक रांग पुन्हा पुन्हा येते आहे, अगदी जशीच्या तशी. मोजल्यावर भरली ४३. त्यांतल्या १९ तर सलग दिवसांच्या. वही उघडून त्या तारखा पाहिल्या. प्रत्येक ठिकाणी आईने एवढेच लिहिले होते: आज पत्र नाही.

या वाक्याचे बरोबर ३२ बाइट होतात. पहिला तुकडा 'पत्र'मधल्या त च्या हलन्तापाशी संपतो, दुसरा 'नाही'च्या वेलांटीपाशी. मग लायब्ररी नियमाप्रमाणे भरतीचा तिसरा तुकडा जोडते. भाच्याने वापरलेल्या 'ईसीबी' मोडमध्ये सारख्या तुकड्याचे रूपांतर नेहमी सारखेच होते. जुन्या 'पायक्रिप्टो'त मोड न सांगितल्यास हाच गृहीत धरला जाई. नवीत तो सांगावाच लागतो, आणि त्याने जुन्या सवयीने तोच सांगितला. "मामा, चूक माझी," असे तो म्हणाला खरा, पण साहित्याच्या विद्यार्थ्याला यात नवे वाटू नये. महानुभावांच्या सकळ लिपीत एका अक्षराच्या जागी ठरावीक दुसरे चिन्ह येते; चिन्ह बदलते, पण ते किती वेळा येते हे बदलत नाही. राजवाड्यांनी उलगडलेली ती लिपी आणि हा मोड यांत फरक आहे तो वर्णमालेच्या आकाराचा.

आम्हाला लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. वही टंकलिखित केली ती आम्हीच, तीन महिने, रोज संध्याकाळी चारदोन पाने. ते वाक्य ४३ वेळा आमच्या बोटांखालून गेले आणि आम्ही ते वाचले नाही. घरात सांगितले जाई की बाबांचे पत्र दर आठवड्याला येत असे. आईही तसेच सांगे. सलग १९ दिवसांत ते आले नव्हते, आणि हे आम्हाला कळले ते मजकूर अवाचनीय झाल्यावर. टीकाकार म्हणून पुनरावृत्तीवर आम्ही किती पाने लिहिली असतील!

भाच्याने नंतर 'जीसीएम' मोड लावला. त्यात प्रत्येक नोंदीला 'नॉन्स' नावाचे नवे मूल्य मिळते, त्यामुळे तेच वाक्य दर वेळी निराळे दिसते. कोणी मधेच फेरफार केला तर तोही उघडकीस येतो. नव्या छापील कागदावर रांगा वेगळ्या झाल्या होत्या. पण लांबी? त्या ४३ दिवसांच्या रांगा आखूडच राहिल्या, नेमक्या सारख्या आखूड. किल्ली नसलेल्यालाही तारखांसह दिसल्या असत्या. वहीतली सर्वांत मोठी नोंद १,९१४ बाइटांची. म्हणून कूट करण्याआधी प्रत्येक नोंद भरतीने २,०४८ बाइटांची करून घेतली. भाच्याला हा जागेचा अपव्यय वाटला. आम्ही ऐकले नाही.

किल्ली तिघांकडे पोचली आहे. धाकट्या बहिणीने फोनवर विचारले, "दादा, बाबांच्या पत्रांबद्दलही असेल ना त्यात?" आम्ही म्हटले, आहे. तिने अजून वही उघडलेली नाही.