खिडकीएवढं आभाळ

पायाला प्लास्टर घालून आज बावीस दिवस झाले. पलंग, खिडकी आणि समोरच्या गच्चीवर वाळणाऱ्या चादरी, एवढंच जग. सकाळी चहा गार मिळाला म्हणून सुनेवर खेकसलो. मग दिवसभर मलाच टोचत राहिलं.

दुपारी ‘गीता प्रवचने’ हाती घेतलं. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते भराभर उतरवून घेत. अठरा अध्यायांवर अठरा प्रवचनं झाली. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी ‘श्यामची आई’ पाच दिवसांत लिहून काढली. दाराला सरकारी कुलूप, अन् हा माणूस आईचं बोट धरून थेट कोकणात!

माझ्या खोलीच्या दाराला तर साधी कडीही लावलेली नाही. तरी मी कोंडलेलाच. पायाचं हाड डॉक्टर बघतील. चिडचिडीचं मलाच बघायला हवं.

संध्याकाळी सून चहा घेऊन आली. “सकाळी उगाच बोललो गं तुला,” म्हटलं. ती हसली, जरा वेळ टेकली. बऱ्याच दिवसांनी गप्पा झाल्या.

प्लास्टर निघायला अजून वीस दिवस आहेत.