आरशाआडचा क्षण

निकॉनचा डी८५० हा डीएसएलआर कॅमेरा आला २०१७ मध्ये आणि झेड७ हा मिररलेस वर्षभराने. दोघांचे सेन्सर ४५.७ मेगापिक्सेलचे. दोन्हींचे छापील फोटो शेजारी ठेवले, तर कोणता कुणाचा हे जाणत्यालाही चटकन सांगता येणार नाही. वेगळी आहे ती उजेडाची वाट. डी८५०मध्ये लेन्समागे ४५ अंशांत कललेला आरसा उजेड वर प्रिझमकडे धाडतो आणि तिथून तो डोळ्यापर्यंत येतो. झेड७मध्ये आरसाच नाही. त्यामुळे माउंट आणि सेन्सर यांच्यातलं अंतर ४६.५ मिलिमीटरवरून १६वर आलं. बॅटरी आणि कार्डासकट डी८५० भरतो १००५ ग्रॅम, झेड७ ६७५.

खांद्याला हा फरक लगेच कळतो. मला तो अधिक जाणवतो डोळ्याला. भिगवणला, उजनीच्या फुगवट्यात, हिवाळ्यातल्या सकाळी कोळ्याच्या नावेत बसून रोहित पक्षी पाहावेत. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतं ते पाणी आणि तो गुलाबी रंग थेट सूर्याच्या उजेडातून आलेला असतो. त्याला वीज लागत नाही. कितीही वेळ नुसतं पाहत राहावं. मिररलेसमध्ये तेच दृश्य सेन्सरने टिपून छोट्या पडद्यावर मांडलेलं असतं, आणि पडदा बॅटरी पितो. प्रमाणित चाचणीत एका चार्जवर डी८५०चे १८४० फोटो निघतात, झेड७चे ३३०.

पण आरसा या सुखाची किंमत वसूल करतो. बटण दाबलं की तो वर उचलला जातो आणि व्ह्यूफाइंडर अंधारतो. जो क्षण फोटोत उतरतो, नेमका तोच डोळ्यांना दिसलेला नसतो. म्हणून डीएसएलआरवाल्याला क्षण येण्याआधी ओळखावा लागतो, गोलंदाजाच्या हातातून सुटतानाच चेंडू ओळखणाऱ्या फलंदाजासारखा. थवा उडण्याआधी माना उंचावतात, सगळे एका दिशेने चालू लागतात, मग पाण्यावरून धावत पंख उघडतात. हा क्रम ज्याच्या अंगात भिनला, त्याच्या फोटोत उड्डाण सापडतं.

मिररलेसने हा अंधार हळूहळू पुसला. २०२१च्या झेड९मध्ये फोटो निघत असतानाही दृश्य खंडत नाही. त्याला यांत्रिक शटरही नाही. शिवाय फोटो किती उजळ वा काळोखा येईल, हे बटण दाबण्याआधीच दिसतं. विलंबित ख्यालाच्या मैफलीत आरशाची खटखट गायकाच्या समेवर पडायची. मूक शटरने ती अडचण सोडवली. अर्थात साध्या सेन्सरवर मूक शटर वापरलं, तर काही एलईडी दिव्यांखाली फोटोत पट्टे उमटतात आणि वेगाने हलणारी वस्तू वाकडी येते.

आज नवा कॅमेरा घेणाऱ्याला मी मिररलेसच घ्यायला सांगेन. पण शिकायला सुरुवात करणाऱ्याच्या हाती, मिळाला तर, काही महिने जुना डीएसएलआर द्यावा. निकॉनच्या डीएसएलआरच्या जुन्या एफ लेन्स अडॅप्टर लावून झेड बॉडीवर चालतात. झेड लेन्स जुन्या बॉडीवर चालत नाहीत, कारण तिथे आरशाची जागा आड येते. नजरेचंही तसंच आहे. आरशाने लावलेली आधी ओळखण्याची सवय नव्या कॅमेऱ्यात सहज नेता येते. पडद्यावर सगळं आयतं दिसू लागल्यावर मात्र ती सवय लावायला मुद्दाम कष्ट घ्यावे लागतात, आणि ते कष्ट घेण्याजोगे आहेत.