कोणता गॅस?



या अंकात आम्ही एका चुकीची कबुली देणार आहोत. चूक आमची आहे आणि ती आमच्या लक्षात आणून दिली ती नववीतल्या एका विद्यार्थिनीने.

शाळेच्या आवारात आंब्याखाली उभी असणारी पांढरी मारुती १००० सर्वांच्या परिचयाची आहे. ही १९९३ सालची गाडी एका हितचिंतकांनी शाळेला भेट दिली. वर्गात एखादे मूल आजारी पडले की त्याला दवाखान्यात नेणारी आणि स्पर्धेसाठी मुलांना तालुक्याबाहेर पोहोचवणारी गाडी हीच. गेल्या ऑक्टोबरात आम्ही, विज्ञानाच्या बाई आणि दोन विद्यार्थिनी असे चौघे डिचोलीहून पेडण्याला परत येत होतो. वाटेत एसी गार हवा देईना. दोघींपैकी एकीला दम्याचा त्रास आहे. काचा उघडाव्यात तर रस्त्याची धूळ, बंद ठेवाव्यात तर आत भट्टी. वाटेत एक गॅरेज दिसले तिथे थांबलो.

मिस्त्रीने बॉनेट उघडून पाहिले आणि म्हणाला, "सर, हो गॅस आतां मेळना. दुसरो घालतां. दीड हजारांत काम जातलें." आम्ही मान डोलावली. त्याने व्हॉल्व्हची पिन दाबली आणि पाइपमधला उरलेला गॅस फुस्स करून हवेत जाऊ लागला.

"सर, ओझोन दिनाला तुम्ही सांगितलेला गॅस हाच ना?" ती मुलगी म्हणाली.

बॉनेटखालच्या पट्टीवर ‘आर-१२’ असे स्पष्ट लिहिले होते. महिन्यापूर्वीच, १६ सप्टेंबरला, आम्ही प्रार्थनासभेत वीस मिनिटे ओझोनवर बोललो होतो. आम्ही घाईने मिस्त्रीला थांबवले खरे, पण तोवर बराचसा गॅस निघून गेला होता.

हा आर-१२ म्हणजे क्लोरीन, फ्लोरिन आणि कार्बन यांचे संयुग. उणे ३० अंश सेल्सिअसच्या आसपास तो उकळतो. घामाने भिजलेल्या अंगाला वारा लागला की गार वाटते, माठातले पाणी झिरपून गार होते, तेच तत्त्व इथेही आहे. द्रवाची वाफ होताना तो भोवतालची उष्णता घेतो. हा गॅस विषारी नाही, पेटत नाही, म्हणून अनेक दशके तो आदर्श मानला गेला. पण १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, असे वायू वर पोहोचले की त्यांतून क्लोरीन सुटतो आणि ओझोनचा थर पोखरतो. क्लोरीनचा एक अणू ओझोनच्या हजारो रेणूंना पुरून उरतो. या कामासाठी त्यांना क्रुट्झेन यांच्यासह १९९५ चे नोबेल मिळाले. १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला, १९९२ मध्ये भारत त्यात सामील झाला आणि १ ऑगस्ट २००८ पासून आपल्या देशात या वायूंचे उत्पादन थांबले. फक्त दम्याच्या औषधी फवाऱ्यांसाठी काही काळ सूट होती.

हवेत गेलेला आर-१२ सुमारे शंभर वर्षे टिकतो. त्या दिवशी आमच्यासमोर फुस्स झालेला गॅस, या मुलींची नातवंडे शाळेत जातील तेव्हाही वर असेल. ही गोष्ट मनाला लागली.

गाडी तशीच घेऊन आम्ही परतलो आणि मग नीट चौकशी केली. आम्ही रसायनशास्त्र हिंदी माध्यमातून शिकलो. तिथे याला ‘प्रशीतक’ म्हणत आणि प्रत्येक प्रशीतकाचे नाव, सूत्र, गुणधर्म वेगळे असत. गॅरेजमध्ये मात्र सर्वांना मिळून एकच शब्द, ‘गॅस’. घोटाळा इथेच होतो. कोणता गॅस, हे आपण विचारतच नाही. आमच्यापुढे चार वाटा होत्या.

पहिली वाट, कुठून तरी जुना आर-१२ मिळवावा. पण उत्पादन थांबलेल्या मालाच्या टाकीत खरोखर काय आहे, याची खात्री कोण देणार? २०११ मध्ये शीतकरणाच्या मोठ्या कंटेनरांत बनावट गॅस भरला गेला होता. त्यातल्या मिथाइल क्लोराइडची ॲल्युमिनियमशी प्रक्रिया होऊन स्फोट झाले आणि व्हिएतनाम व ब्राझीलमध्ये कामगारांचे प्राण गेले.

दुसरी वाट तो मिस्त्री सुचवत होता. चौकशीअंती कळले की, त्याचा ‘दुसरा गॅस’ म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसच्याच जातीचे मिश्रण. ते गार उत्तम करते, जुन्या तेलाबरोबर चालते, ओझोनलाही अपाय करत नाही. घरच्या नव्या फ्रिजमध्ये आयसोब्युटेन असतोच. पण फ्रिजमध्ये तो थोडाच असतो, पक्क्या बंद नळ्यांत, एका जागी. गाडी हादरते, तिचे रबरी पाइप जुने होतात आणि थंड हवा देणारी जाळी तर डॅशबोर्डमागेच असते. तिथून गळती झाली तर गॅस मुलांच्या पुढ्यात येणार. जी यंत्रणा ज्वालाग्राही वायूसाठी बनवलेलीच नाही, तिच्यात तो भरून मुले बसवायची आमची तयारी नव्हती.

तिसरी वाट आर-१३४ए. यात क्लोरीन नाही, त्यामुळे ओझोनला धोका नाही. तो सहज मिळतो. पण नुसता भरून चालत नाही. जुन्या यंत्रणेतले खनिज तेल त्यात विरघळत नाही. ते वाटेतच साचून राहते आणि कॉम्प्रेसर कोरडा पडून जाम होतो. म्हणून जुने तेल काढून एस्टर तेल घालावे लागते. रबरी रिंगा आणि ओलावा शोषणारा ड्रायर बदलावा लागतो. आपल्या दमट हवेत ड्रायरकडे दुर्लक्ष करून चालतच नाही. भर उन्हात या गॅसचा दाब जास्त चढतो, म्हणून कंडेन्सर स्वच्छ आणि पंखा दमदार हवा. आमच्या कंडेन्सरच्या जाळीत खाणपट्ट्यातली तांबडी माती घट्ट बसली होती.

चौथी वाट, एसीचा नादच सोडावा.

हे सारे आम्ही विश्वस्त मंडळाच्या बैठकीत मांडले. कोषाध्यक्षांनी विचारले, "गार तर दोन्ही गॅस करतात, मग दीड हजाराऐवजी अकरा हजार कशाला?" प्रश्न रास्त होता. पैसा देणगीचा आहे, त्यातला रुपया न् रुपया गावाचा. एका सदस्यांनी चौथ्या वाटेची बाजू घेतली. आम्ही सांगितले, दम्याच्या मुलीसाठी काचा बंद ठेवाव्या लागतात, म्हणून एसी हवा. आणि मुलांना बसवायचे, म्हणून पेटणारा गॅस नको. बरीच चर्चा झाली. शेवटी मंडळाने तिसऱ्या वाटेला संमती दिली, याबद्दल आम्ही ऋणी आहोत.

म्हापशाच्या एका अनुभवी मिस्त्रींनी काम केले. पाइपमध्ये उरलेला थोडा आर-१२ त्यांनी यंत्राने खेचून टाकीत साठवला. पाऊण तास निर्वात पंप चालवून ओलावा काढला, गळती तपासली. जुना गॅस ७०० ग्रॅम भरायचा होता. आर-१३४ए वजनाने साधारण ८५ टक्केच लागतो, म्हणून त्यांनी काट्यावर मोजून ५९० ग्रॅम भरला. थंडावा पूर्वीपेक्षा किंचित कमी आहे, पण पेडणे ते डिचोली प्रवास सुखाचा होतो.

आर-१३४ए तरी निर्दोष आहे काय? नाही. पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक भारी आहे. २०१६ च्या किगाली दुरुस्तीनुसार त्याचाही वापर उतरवायचा आहे आणि भारतात ही उतरण २०३२ पासून सुरू होईल. परदेशात नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ आला आहे, पण तोही थोडाफार पेटतो आणि आमच्या जुन्या गाडीच्या खिशाला परवडणारा नाही. आजच्या ज्ञानावर आणि ऐपतीवर जे कमी वाईट, ते आम्ही निवडले. उरले आपल्या हातात एवढेच की, तो गळू द्यायचा नाही आणि कधी काढायची वेळ आली तर हवेत सोडायचा नाही.

दुसऱ्याच दिवशी प्रार्थनासभेत आम्ही घडलेला प्रकार मुलांना सांगितला होता. भाषण देणे सोपे, गॅरेजमध्ये तोंड उघडणे कठीण, हेही सांगितले. पालकांना एकच विनंती. फ्रिज असो, घरचा एसी असो की गाडी, "गॅस भरा" एवढेच म्हणू नका. कोणता गॅस भरणार आणि जुना कुठे जाणार, हे दोन प्रश्न अवश्य विचारा.

यंत्रणेतला गॅस बदलला की तशी पट्टी बॉनेटखाली लावायची असते, म्हणजे पुढचा मिस्त्री फसत नाही. ती पट्टी आम्ही त्याच विद्यार्थिनीकडून लिहून घेतली. ‘आर-१३४ए, ५९० ग्रॅम, एस्टर तेल’ आणि खाली तारीख. अक्षर सुवाच्य आहे. कुणालाही बॉनेट उघडून पाहता येईल.

आपला,
मुख्याध्यापक