वणीची वाट आणि आमचा ओटा

नवरात्रात एकदा तरी वणीला जाऊन जगदंबेची ओटी भरायची, हा आमच्या घरचा सासूबाईंच्या वेळेपासूनचा रिवाज. आमच्या वन्संचं सासर वणीचंच. त्यामुळे ओटी भरणंही होतं, वन्संना माहेरची खबर पोचते आणि त्यांच्या हातची भगर आणि दाण्याची आमटी खाऊन आम्हीही तृप्त होऊन परततो. आमचं गाव निफाड तालुक्यातलं. पिंपळगाव बसवंतहून सापुताऱ्याचा रस्ता धरला की थोड्या वेळात वणी. इतकी वर्षं आम्ही एस.टी.नेच जायचो. गेल्या नवरात्रात मात्र ह्यांनी जुनी का होईना, चारचाकी घेतलेली. तेव्हा गाडीनेच निघालो.

आश्विनातला हा रस्ता मला फार आवडतो. पाऊस सरत आलेला, द्राक्षबागांतून छाटणीची लगबग, टोमॅटोचे कॅरेट रचलेल्या पिकअप गाड्या पिंपळगावच्या बाजाराकडे धावताहेत, आणि समोर हळूहळू मोठी होत जाणारी सप्तशृंगीची डोंगररांग. मुलांनी विचारलं, "आई, गड आला का गं?" पुष्कळ मोठ्या माणसांचाही हाच घोटाळा होतो. आपण सगळे 'वणीची सप्तशृंगी' म्हणतो. पण वणी गाव दिंडोरी तालुक्यात, आणि गड पुढे नांदुरीचा घाट चढून, कळवण तालुक्यात. साडेतीन शक्तिपीठांपैकी अर्धं पीठ ते. तिथे आता २०१८ पासून ट्रॉलीही झाली आहे, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या आयाबायांनाही दर्शन घडतं. वणी गावात आहे ते जगदंबेचं देऊळ. नवरात्रात तिथेही रीघ लागलेली असते.

खरं सांगायचं तर वणी हे वाटेवरचं गाव. नाशिक-दिंडोरीकडून एक रस्ता येतो, पिंपळगावकडून दुसरा. एक सापुताऱ्यावरून गुजरातेत उतरतो आणि एक नांदुरी-कळवणला जातो. ही वाट आजची नाही. ऑक्टोबर १६७० मध्ये शिवाजी महाराज दुसऱ्यांदा सुरत लुटून परतत होते, तेव्हा मोगलांच्या दाऊदखानाशी त्यांची मोठी लढाई झाली ती याच वणी-दिंडोरीच्या मुलखात. शाळेत हा धडा शिकवताना मी फळ्यावर नकाशा काढते. पण अहिवंत किल्ल्याचा डोंगर डोळ्यांनी पाहिला, की महाराजांनी हीच वाट का धरली असेल, ते मनात जास्त स्पष्ट होतं.

देवळापाशी गाडी लावायला जागाच नव्हती. हे म्हणाले, "वन्संच्या गल्लीच्या तोंडाशी लावतो. ओटी भरून लगेच तर यायचं आहे." दोन मिनिटांची दोन तास कशी होतात, ते तुम्हां भगिनींना मी वेगळं सांगायला नको! दर्शनाची रांग, मग वन्संकडे फराळ, मग गप्पा. तेवढ्यात बाहेरून एका मुलाची हाक आली, "ती पांढरी गाडी कोणाची हो? आजीला दवाखान्यात न्यायचंय, रिक्षा आत येईना."

हे तसेच अनवाणी धावले. गाडी मागे घेतली, रिक्षा आत आली, आजीबाईंना सुनेनं हात धरून बसवलं. त्या मला एक शब्दही बोलल्या नाहीत. उलट जाता जाता आजीबाई म्हणाल्या, "आईचं दर्शन झालं का, पोरी?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण हीच गोष्ट आमच्या घरी घडून गेली होती, आणि तेव्हा मी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला उभी होते.

वन्संच्या ते लक्षात आलंच. चहाचा कप हातात देत त्या म्हणाल्या, "अगं, तुमच्या गल्लीचं काय झालं ते मला नीट कधी सांगितलंच नाहीस. दादा फोनवर एवढंच म्हणाला, की आईचा ओटा पाडला."

मग मी सगळं सांगितलं. ते इथेही सांगते, कारण तुमच्यापैकी पुष्कळजणींच्या दारात असाच एखादा ओटा असेल.

तीन वर्षांपूर्वी मामंजींना रात्री दोन वाजता दम लागला. एकशे आठला फोन केला. गाडी आली वेळेवर, पण गल्लीच्या तोंडाशीच थांबली. आत शिरायला वाट कुठे होती? कुणाच्या पायऱ्या पुढे आलेल्या, कुणाची मोटारसायकल, कुणाचं जळण. आणि सगळ्यांत पुढे आमचाच ओटा, चांगला तीन फूट. शेवटी मामंजींना बाजेवर घालून चौघांनी नेलं. देवीच्या कृपेने ते बरे झाले. पण ती बाज माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. सहावीच्या नागरिकशास्त्रात ग्रामपंचायत येते. वर्षातून किमान चार ग्रामसभा, हे मी दरवर्षी मुलांकडून पाठ करून घेते. पण स्वतः एकाही ग्रामसभेला कधी गेले नव्हते! त्या वर्षी गेले. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, आणि तिथे ठरलेलं ग्रामसभेपुढे मांडायचं असतं. मी गल्लीतल्या आठ-दहा जणींना गोळा केलं, अर्ज लिहिला, आणि मोठ्या हुशारीत जाऊन बसले.

तिथे कळलं, की गावापुढे आधीच एक काम आहे: बाजारपेठेची सुधारणा. पेठेत रंगीत फरशी, भाजीवाल्यांसाठी ओटे, वर पत्रा. मला रागच आला. माणसं बाजेवरून न्यावी लागतात आणि ह्यांना पेठ सजवायची आहे! मी तावातावाने तसं बोललेही. तेव्हा मागे बसलेली एक भाजीवाली उठली. ती म्हणाली, "ताई, फरशी नको आम्हाला. पण आम्ही बाया सकाळपास्नं सांजेपर्यंत बाजारात बसतो. पाणी प्यायची भीती वाटते, कारण जायला जागा नाही. तुमच्या गल्लीचा रस्ता व्हावाच, पण आमचं बी तेवढं लिहा."

सभा एकदम गप्प झाली. मी खाली बसले. मीही बाजारात जाते, पण अर्ध्या तासात घरी येते. दिवसभर बसणारीचा विचार माझ्या मनात कधी आलाच नव्हता.

मग खरी चर्चा सुरू झाली. ग्रामसेवकांनी पैशांचा हिशेब समजावून सांगितला. तो मला इतका उपयोगी वाटला, की मी वहीत उतरवून घेतला. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात, म्हणजे २०२०-२१ ते २०२५-२६ या वर्षांत, गावाला आलेला पैसा दोन कप्प्यांत असे. 'बंधित' पैसा पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा. 'अबंधित' पैसा गावाच्या इतर गरजांवर. पहिल्या वर्षी निम्मे-निम्मे होतं, पुढे बंधित ६० टक्के आणि अबंधित ४० टक्के. आपण नाही का किराण्याचा डबा वेगळा आणि दूधवाल्याचा वेगळा ठेवत? अगदी तसंच. मग कुणीतरी म्हणालं, की बायकांचं शौचालय स्वच्छतेच्या पैशात बसतं, त्यासाठी रस्त्याच्या पैशाला हात लावायला नको. आणि रंगीत फरशी वर्षभर थांबली, तर पेठ काही ओस पडणार नाही. व्यापाऱ्यांनी थोडी कुरकूर केली, पण भाजीवालीचं म्हणणं त्यांच्याही बायकांनी उचलून धरलं होतं.

एवढ्यावर सगळं गोड झालं असं मात्र नाही. ग्रामसभेत एका वयस्कर गृहस्थांनी सरळ विचारलं, "गल्ली काँक्रीटची करून द्यायची, पण करायची कुठे? रस्ता तुम्हीच खाल्लाय. आधी ज्याचं त्याने मागे घ्या." सगळ्यांच्या नजरा आमच्याकडे वळल्या.

तो ओटा सासूबाईंनी स्वतः विटा वाहून बांधून घेतला होता. त्यावर त्यांनी वर्षानुवर्षं कुरडया-पापड वाळवले, नातवंडांना तेल लावलं, संध्याकाळी वाती वळल्या. घरी येऊन मी कसं सांगावं ते सुचेना. दोन दिवस घरात कुणी नीट बोललं नाही. हे म्हणाले, "सगळ्यांचे मोडतील तेव्हा आपला मोडू." तिसऱ्या दिवशी सासूबाईच म्हणाल्या, "सगळ्यांत पुढे आपलाच आहे ना? मग आपलाच आधी मोडा. बाज मी पण पाहिली होती." आणि गवंडी आला तेव्हा त्या देवघरात जाऊन बसल्या. बाहेर आल्या नाहीत.

आमचा गेला, मग शेजारच्यांच्या पायऱ्या गेल्या. एका घराने अजून जागा सोडलेली नाही. तिथे रस्ता थोडा चिंचोळाच राहिला आहे. पण आता गाडी आत येते. बाजारातलं शौचालयही झालं. त्याला पाणी रोज असावं म्हणून भाजीवाल्या बायकांनाच अजून पाठपुरावा करावा लागतो.

वन्सं ऐकत होत्या. आईच्या ओट्याचं ऐकून त्यांनी पदराने डोळे टिपले. मग म्हणाल्या, "आता मला सांग, सभेला जायचं तर काय काय करायचं?" त्यांना सांगितलं तेच थोडक्यात इथे लिहिते.

आधी रस्ता कुणाचा ते विचारा. गावातून जाणारा प्रत्येक रस्ता ग्रामपंचायतीचा नसतो. राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, जिल्हा मार्ग आणि गावातली गल्ली यांची खाती वेगवेगळी. चुकीच्या दारी अर्ज दिला तर वर्ष फुकट जातं. अर्ज लेखी द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. गावाच्या वार्षिक विकास आराखड्यात काम आलं, तरच त्याला पैसा मिळतो. पुढच्या वर्षाच्या आराखड्याची तयारी साधारण २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. म्हणजे घटांच्या दिवसांतच! सभेला मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी हजर लागतात. तेव्हा एकटीने जाऊ नये, शेजारणींना घेऊन जावं. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. निवडून आलेली बाई मागे बायका उभ्या असल्या की धीराने बोलते. ज्यांच्या गावी नगरपरिषद आहे, त्यांना ग्रामसभा नाही. त्यांनी प्रभागाच्या नगरसेवकांकडे आणि मुख्याधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्यावा. आणि सर्वांत आधी, आपल्या उंबऱ्याबाहेर किती फूट आपण घेतले आहेत, ते टेप लावून बघावं.

निघताना ऊन उतरलं होतं. गाडी आता गावाबाहेर मोकळ्या जागी लावली होती, म्हणून गल्लीतून चालत निघालो. वन्सं तिथवर पोचवायला आल्या. वाटेत त्या आजीबाई दवाखान्यातून परतलेल्या भेटल्या. सून रिक्षातून उतरवत होती. मी त्यांना नमस्कार केला आणि गाडीबद्दल माफी मागितली. त्या हसल्या, माझ्या ओटीत एक केळं घातलं आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षी ये गं. पण गाडी लांब लाव हो!"

येत्या नवरात्रात जायचंच आहे. सासूबाई म्हणाल्या आहेत, एस.टी.नेच जाऊ.