बाबांचा टॉवेल गेला वाहून!

मुंबई-गोवा रस्त्यावर नागोठणं मागं पडलं, सुकेळी खिंड ओलांडली, की कोलाडच्या अलीकडे खांब लागतं. तिथून पुढे कुंडलिकेकाठी तंबूत राहायला जाणार असाल, तर कपडे कसे भरता ते आधी सांगा!

डिसेंबरात आम्ही चौघांचे कपडे एकाच बॅगेत कोंबले. रात्री धाकटीला थंडी वाजली आणि तिचा स्वेटर नेमका तळाशी! बॅटरीच्या उजेडात सगळी बॅग उपसली, ढीग तंबूच्या कडेला सारला. सकाळी पाहतो तो कपडे दमट. पाऊस तर नव्हता! अहो, आमच्याच श्वासातली वाफ तंबूच्या गार कापडावर जमून तिचं पाणी झालं होतं.

आता प्रत्येकाची पिशवी वेगळी, आत जाड प्लॅस्टिक, तंबूच्या मधोमध. स्वेटर सर्वांत वर. ओल्या कपड्यांची पिशवी निराळी. ती लागतेच, कारण भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सुटलेल्या पाण्यामुळे कुंडलिका भर उन्हाळ्यातही वाहते. पण पाणी सुटलं की नदी चढते बरं का! मोठ्यांना विचारल्याशिवाय उतरू नका आणि पात्रातल्या दगडांवर कपडे वाळत घालू नका. बाबांनी घातला होता टॉवेल. परतताना ते माझ्या ओढणीनं डोकं पुसत होते.